जनरेटरचा डिझेलकाटा चुकतोय? आधी दांडी टाका, मग सेंडरला हात लावा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीचा जनरेटर वीस मिनिटं चालून थांबला. पॅनलवर काटा पाऊण टाकी दाखवत होता. मी पोहोचलो तेव्हा वॉचमनकाका स्टार्टरवर स्टार्टर मारत होते. टाकीत दांडी टाकली तर डिझेल जेमतेम पाव टाकी, आणि त्याच्याखाली तीन बोटं पाणी. इंजिनाने डिझेलऐवजी पाणी ओढलं होतं. काटा चुकीचा होता तो वेगळ्याच कारणाने: सेंडरची, म्हणजे टाकीतली पातळी मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाची, अर्थिंगची वायर गंजली होती. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी पैसे मोजून नवा मीटर बसवून घेतला होता.

त्यानंतर अशी बरीच कामं पाहिली आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी क्रम उलटा दिसला. काट्याची तक्रार आली की आधी मीटर बदलतात, मग सेंडर, मग वायर, आणि टाकीत काय आहे ते सर्वांत शेवटी पाहतात. टाकीतलं पाणी आणि गाळच सेंडर खराब करतात. घाणेरड्या टाकीत नवा सेंडर घातला तर तोही अडकणार. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सोसायटीचा डीजी सेट (डिझेल जनरेटर), बांधकामावरचा पंप, कॉम्प्रेसर, जेसीबी, सगळ्यांना हे लागू पडतं. उदाहरणं मात्र सोसायटीच्या सेटची घेतली आहेत.

## तयारी

हे सगळं हाताशी ठेवा, काम अर्धवट सोडून बाजारात पळू नका:

- अ‍ॅल्युमिनियमची किंवा पितळेची सरळ दांडी, टाकीच्या तळापर्यंत पोहोचणारी. लाकडी पट्टी नको. ती डिझेल शोषते, रेघ पुसट येते आणि कुसं टाकीत पडतात.
- पाणी ओळखायची पेस्ट. पेट्रोल पंपावर टाकी तपासताना वापरतात तीच.
- काचेची रुंद तोंडाची बरणी, पारदर्शक. निदान दोन.
- मल्टिमीटर, नव्या सेलसह.
- हातपंप आणि टाकीच्या तळाशी पोहोचेल एवढा पाइप.
- ट्रे, झाकणाचे रिकामे कॅन, सुती फडकी, रबरी हातमोजे, चष्मा.
- सेंडरचं नवं गॅस्केट आणि फिल्टरचा एक जादा संच.
- डीसीपी (कोरड्या रासायनिक पावडरच्या) प्रकारचा अग्निशामक, मुदतीतला, हाताच्या अंतरावर.

वेळ सकाळची घ्या. आदल्या रात्रीपासून सेट चाललेला नसावा आणि त्यात डिझेल ओतलेलं नसावं. पाणी तळाला बसायला वेळ लागतो. सेट चालू असताना इंजिनातून परतणारं डिझेल टाकी ढवळत राहतं, त्यामुळे चालवल्यावर लगेच पाहिलं तर पाणी असूनही सापडत नाही. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

सावधान: "डिझेल पेटत नाही" असं म्हणून सिगारेट पेटवणारे मी पाहिले आहेत. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात, आयएस १४६० मध्ये, ज्वलनबिंदूची (ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेते, त्याची) किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मे महिन्यात मुंबईत बंद कॅनॉपीच्या, म्हणजे सेटवरच्या पेटीच्या, आत तापमान याच्या वर सहज जातं. धूर, ठिणगी, ग्राइंडर, वेल्डिंग, काहीही जवळ नको. तळघरात सेट असेल तर एक्झॉस्ट फॅन आधी लावा.

## टप्पा १: सेट चालू होणारच नाही याची खात्री

वीज गेली की ऑटो मोडवरचा सेट आपोआप सुरू होतो. तुमचा हात फॅनबेल्टजवळ असेल तरी तो थांबणार नाही.

१. पॅनल 'ऑटो'वरून 'ऑफ'वर घ्या.
२. इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवा.
३. बॅटरी चार्जर बंद करा. हे हमखास राहून जातं.
४. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधून ठेवा.
५. पॅनलवर पाटी लावा आणि वॉचमनला तोंडीही सांगा. पाटी न वाचता बटण दाबणारी माणसं असतात.

## टप्पा २: दांडीने मोजा

टाकीचं तोंड उघडण्याआधी आजूबाजूची धूळ पुसा. कोरडी दांडी सरळ उभी, तळाला टेकेपर्यंत सोडा, बाहेर काढा, ओली रेघ वाचा. दोनदा मोजा.

टाकी चौकोनी असेल तर हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि डिझेलची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. १२० बाय ८० सेंटिमीटर तळाच्या टाकीत प्रत्येक सेंटिमीटरला ९.६ लिटर. दांडीवर २५ सेंटिमीटर आलं तर २४० लिटर.

बऱ्याच सेटची टाकी बेसफ्रेममध्ये, म्हणजे सेटखालच्या सांगाड्यात, बसवलेली असते आणि तिला पायऱ्या, खाचा असतात. तिथे हा गुणाकार फसतो. अशा टाकीसाठी एकदाच मेहनत करा: टाकी कधी रिकामी केलीत तर भरताना २० लिटरच्या मापाने ओता आणि प्रत्येक वेळी दांडीवर खूण करा. त्याचा तक्ता करून प्लास्टिकमध्ये घालून कॅनॉपीच्या दाराला आतून चिकटवा. माझ्या मते सेटवर खर्च करायच्या कुठल्याही गोष्टीआधी हा तक्ता व्हायला हवा, कारण मग वीज गेल्यावर कोणीही पाच मिनिटांत सांगू शकतो की डिझेल किती तास पुरेल.

पडताळणी: आलेला आकडा आणि काट्याचं वाचन शेजारी शेजारी लिहून ठेवा. तारीखही टाका. टप्पा ५ मध्ये हाच कागद लागणार आहे.

चूक: सेट उतारावर बसवलेला असेल तर टाकीच्या एका टोकाला डिझेल जास्त दिसतं. दांडी नेहमी एकाच तोंडातून टाका.

## टप्पा ३: पाणी शोधा, पाणी काढा

मुंबईच्या हवेत हा टप्पा टाळता येत नाही. टाकीतली रिकामी जागा दिवसा-रात्री श्वास घेते. दमट हवा ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, आत येते, रात्री टाकीचा पत्रा गार झाला की आतून थेंब धरतात आणि तळाला जातात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तिथेच साचतं. त्यात भर पडते पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या ड्रमची, सैल झाकणाची आणि वर तोंड करून बसवलेल्या ब्रीदरची. नळीचं तोंड खाली वळलेलं आणि जाळी लावलेलं हवं.

१. दांडीच्या खालच्या दहा सेंटिमीटरवर पेस्टचा पातळ थर लावा. तळाला टेकवून डब्यावर लिहिली असेल तेवढी वेळ धरा. रंग बदलला तिथपर्यंत पाणी.
२. पेस्टचा रंग बदलला नाही तरी बरणीत नमुना घ्याच. डिझेलमध्ये विरघळलेलं किंवा बारीक थेंबांत मिसळलेलं पाणी पेस्टला सापडत नाही. टाकीच्या तळाच्या नळातून अर्धा लिटर काढा आणि तासभर स्थिर ठेवा.
३. बरणी उजेडासमोर धरा. चांगलं डिझेल नितळ आणि चमकदार दिसतं, बरणीमागचं वर्तमानपत्र वाचता येतं. धुरकट दिसलं तर पाणी आहे. तळाला वेगळा थर दिसला तर ते उघडच आहे.
४. तळाचा ड्रेन हळूहळू उघडा. जोरात उघडला तर भोवरा होतो, मधून डिझेल येतं आणि पाणी कडेला राहतं. पाणी संपून स्वच्छ डिझेल आल्यावर आणखी अर्धा लिटर काढा.
५. ड्रेन नसेल तर हातपंपाचा पाइप सर्वांत खोल कोपऱ्यात नेऊन उपसा.

सावधान: नळी तोंडाने ओढू नका. डिझेल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. कोणी गिळलंच तर उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या.

नमुन्यात काळपट, शेवाळासारखे बुळबुळीत लोंबते धागे दिसले तर तो सूक्ष्मजीवांचा थर आहे. बुरशी आणि जीवाणू पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढतात, म्हणजे पाणी नसेल तर तेही फोफावत नाहीत. इथे लोक सरळ बायोसाइडची (सूक्ष्मजीव मारणाऱ्या औषधाची) बाटली ओततात. मग मेलेला सगळा मळ एकदम फिल्टरला जातो आणि सेट दर अर्ध्या तासाला बंद पडतो. आधी पाणी काढा, जमेल तेवढा गाळ उपसा, थर जाड असेल तर टाकी उघडून साफ करून घ्या, मग बाटलीवरच्या प्रमाणात औषध घाला आणि फिल्टरचे दोन-तीन संच जवळ ठेवा.

काढलेलं पाणीमिश्रित डिझेल गटारात ओतायचं नाही. ते नाल्यातून खाडीत जातं. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, वापरलेलं इंजिन ऑइल ज्या अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देता त्यालाच द्या.

## टप्पा ४: फिल्टर आणि हवा

टाकीत पाणी सापडलं असेल तर ते फिल्टरपर्यंत पोहोचलेलं असणार. सेपरेटरच्या, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वाटीच्या, खालचा नळ उघडून पाणी काढा, दोन्ही फिल्टर बदला.

नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरायची सवय सगळ्यांनाच आहे. ते डिझेल गाळलेलं नसतं आणि मधल्या भोकातून ओतलं तर थेट पंपाकडे जातं. फिल्टर रिकामाच बसवा, रिंगला डिझेलचं बोट फिरवा आणि इंजिनावरच्या हातपंपाने भरा. फिल्टर हेडवरचा एअर स्क्रू सैल करून पंप मारत राहा. बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा.

सावधान: नव्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून हवा काढू नका. तिथला दाब १००० बारच्या पुढे जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते. जुन्या मेकॅनिकना ही सवय असते, त्यांना आधीच सांगा.

## टप्पा ५: काटा, वायर की सेंडर?

आता काट्याकडे या. टाकीतला सेंडर म्हणजे फ्लोटच्या दांडीला जोडलेला बदलता रेझिस्टन्स. फ्लोट वर-खाली झाला की ओहम बदलतात आणि मीटर तेच वाचतो. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती दिसतात आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात:

- २४० ते ३३ ओहम: रिकामी टाकी २४०, भरलेली ३३.
- १० ते १८० ओहम: रिकामी टाकी १०, भरलेली १८०.

सेंडरवर किंवा पॅनलच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. मीटर एका जातीचा आणि सेंडर दुसऱ्या जातीचा बसवला तर काटा कायम उलटासुलटा फिरतो. नवा सेंडर टाकून सुद्धा काटा वेडावाकडा चालतो, याचं हेच सर्वांत मोठं कारण.

पहिली तपासणी, सेंडर. बॅटरी अजून काढलेलीच ठेवा. सेंडरची सिग्नल वायर काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक सिग्नलच्या खुंटीला, दुसरं सेंडरच्या अर्थ खुंटीला किंवा प्लेटला. येणारा आकडा टप्पा २ च्या कागदाशी जुळवा. टाकी अर्धी असेल तर २४०-३३ जातीत साधारण १०० च्या आसपास, १०-१८० जातीत ९० ते ९५ च्या आसपास. आकडा अनंत येत असेल तर आतला तार तुटला आहे. आकडा ठीक असेल तर सेंडरला दोष देणं थांबवा आणि पुढे जा.

दुसरी तपासणी, अर्थिंग. आधी मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना लावून वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स पाहा, तो पुढच्या आकड्यातून वजा करा. मग एक टोक सेंडरच्या अर्थला आणि दुसरं इंजिन ब्लॉकवरच्या मुख्य अर्थ बोल्टला. एक ओहमच्या खाली यायला हवं.

इथे थोडं थांबतो, कारण मुंबईत निम्मे काटे इथेच बिघडतात. समुद्राच्या हवेने बोल्टखालचा थिंबळ (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवा-पांढरा होतो, वरून रंग मारलेला असतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. समजा १०-१८० जातीचा सेंडर आहे, टाकी पाव भरलेली आहे. सेंडर देतो साधारण ५२ ओहम. गंजलेल्या अर्थने त्यात ७५ ओहमची भर घातली. मीटरला दिसतात १२७, आणि तो पाऊण टाकीच्या जवळ दाखवतो. सुरुवातीला सांगितलेल्या सोसायटीत नेमकं हेच झालं होतं. २४०-३३ जातीत तोच गंज उलटा परिणाम करतो: डिझेल असूनही काटा खाली. तो निदान माणसाला सावध करतो. पहिला प्रकार झोपेत ठेवतो. प्लास्टिकच्या टाकीत प्लेटमधून अर्थ मिळतच नाही, तिथे स्वतंत्र अर्थ वायर असते. तिच्याकडे पाहायचं विसरू नका.

उपाय साधा आहे. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत घासा, नवा थिंबळ दाबून लावा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडा.

तिसरी तपासणी, वायर आणि मीटर. टाकीची सगळी तोंडं बंद करा. बॅटरी जोडा, इमर्जन्सी स्टॉप दाबलेलाच ठेवा, पॅनलला वीज द्या. हे काम टाकीजवळ नाही, पॅनलच्या मागच्या टर्मिनलवर करा. सेंडरची सिग्नल वायर तिथून मोकळी करा: २४०-३३ चा काटा 'रिकामी'कडे जायला हवा, १०-१८० चा 'भरलेली'कडे. मग एका तुकडा वायरने ते टर्मिनल क्षणभर निगेटिव्हला टेकवा: काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. डिजिटल कंट्रोलर असेल तर काहींवर वायर काढताच सेन्सर फॉल्टचा अलार्म येतो, तो अपेक्षितच आहे. दोन्ही टोकांना काटा नीट गेला तर मीटर निर्दोष आहे आणि गोंधळ मधल्या वायरमध्ये आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर कॅनॉपीच्या तळाशी शोधा.

डिजिटल कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये सेंडरची जात निवडलेली असते. कंट्रोलर बदलल्यावर ती निवड मूळच्या सेटिंगवर जाते, हेही पाहून घ्या.

## टप्पा ६: सेंडर बाहेर काढायची वेळ आली तर

पॅनल बंद, बॅटरी पुन्हा सोडा. प्लेटवर आणि टाकीवर एकच रेघ मारा, म्हणजे परत बसवताना दिशा चुकणार नाही. दिशा चुकली तर फ्लोट टाकीच्या आतल्या भिंतीला अडकतो. धूळ पुसून मगच स्क्रू काढा. सेंडर तिरका करून, फ्लोटची दांडी न वाकवता बाहेर घ्या आणि तोंडावर स्वच्छ फडकं टाका.

फ्लोट कानाजवळ हलवा. आत डिझेल खळखळलं तर तो भोक पडून जड झाला आहे, बदला. मग मल्टिमीटर लावून फ्लोट हाताने खालून वर हळू न्या. आकडा सलग सरकायला हवा. मध्येच उडी मारली तर तिथला पट्टा झिजला आहे. काही सरळ नळीच्या सेंडरमध्ये मात्र रीड स्विच (चुंबकाने चालणारे छोटे स्विच) असतात, तिथे आकडा पायऱ्यापायऱ्यांनीच बदलतो. ती खराबी नाही. नळीत गाळ अडकून फ्लोट चिकटला असेल तर स्वच्छ डिझेलने धुवा. पेट्रोल आणि थिनर नको.

नवं गॅस्केट टाका. जुन्यावर सिलिकॉन चोपडून भागवू नका, त्याचे तुकडे टाकीत पडतात. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

## टप्पा ७: चालवून पाहा

सगळं जोडा, मोजून ४० लिटर डिझेल भरा. दांडी तेवढीच वाढली पाहिजे आणि काटाही त्या प्रमाणात चढला पाहिजे. इमर्जन्सी स्टॉप सोडा, मॅन्युअलवर स्टार्ट करा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. अर्धा तास लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या लोडवर चालवा. सेपरेटरच्या वाटीत पाणी पुन्हा दिसतं का पाहा. गळती पाहायला सांध्यांवर पुठ्ठा फिरवा, हात नको.

शेवटी कंट्रोलर पुन्हा 'ऑटो'वर, चार्जर चालू. हे विसरून निघून गेलेला वायरमन पुढच्या वेळी वीज गेली की आठवतो.

## टप्पा ८: डिझेल आणताना आणि साठवताना

पंपावर घनता विचारा, पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे. कॅन डिझेलसाठीच राखलेले, आतून कोरडे. नरसाळ्याला बारीक जाळी हवीच. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, टाकी किंवा तांब्याची नळी डिझेलसाठी वापरू नका, हे धातू डिझेलशी प्रक्रिया करून चिकट मळ तयार करतात.

ड्रम उभा ठेवला तर पावसाचं पाणी वरच्या कडेत साचतं आणि रात्री ड्रम गार होताना बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. ड्रम छपराखाली आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा, म्हणजे बुचं आतून डिझेलात बुडलेली राहतात आणि हवा ओढत नाहीत.

परवान्याशिवाय डिझेल साठवायची कायद्याने मर्यादा आहे: एका भांड्यात १००० लिटर आणि एका जागी मिळून २५०० लिटर. बऱ्याच सेटच्या टाक्या ९९० लिटरच्या असतात त्या यामुळेच.

टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवावी, म्हणजे आत हवा कमी आणि पाणी कमी, हे खरं. पण मुंबईत वीज फारशी जात नाही, तीनशे लिटर डिझेल वर्षभर तसंच पडून राहतं आणि सहा महिने ते वर्षभरात खराब होऊ लागतं. मी सोसायट्यांना असं सांगतो: मेच्या शेवटी तळाचं पाणी काढा आणि टाकी ९५ टक्क्यांपर्यंत भरा, त्याहून वर नको, डिझेल तापल्यावर फुगतं. ऑक्टोबर संपल्यावर नवीन भरणं थांबवा आणि महिन्याच्या लोड टेस्टमध्ये ते वापरत वापरत खाली आणा. एक लिटरमागे साधारण साडेतीन ते चार युनिट धरा, म्हणजे पुढच्या मेपर्यंत किती जिरेल याचा अंदाज येतो. जिरत नसेल तर तुमची टाकी तुमच्या गरजेपेक्षा मोठी आहे, पुढच्या वर्षी कमी भरा आणि बरणीतला नमुना दर तीन महिन्यांनी पाहा.

दाराला चिकटवलेल्या तक्त्याखाली एक वही लटकवा. दर सोमवारी तीन आकडे: दांडी, काटा, सेपरेटरमधलं पाणी. दांडी आणि काटा यांच्यातला फरक आठवड्यागणिक वाढताना दिसला तर वीज जायची वाट न पाहता टप्पा ५ मधली दुसरी तपासणी करा, पॉलिश पेपर घेऊन.